दुपारी दोन ते साडेतीन

आमच्या घरात १९५६ सालापासून एकही चमत्कार झालेला नाही. ही गोष्ट माझे सासरे मरेपर्यंत छाती पुढे काढून सांगत. देव गेले, अंगारा गेला, अंगात येणं गेलं. त्या जागी पुस्तकं आली आणि दोन तसबिरी आल्या. १९८६ च्या मे महिन्यात मात्र आमच्या घरी आठवड्याला तीन चमत्कार होत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी दोन ते साडेतीन. सरकारी सुट्टीच्या दिवशी बंद.

ते माझ्याकडून होत आणि त्या वेळी मी झोपलेली असे. त्यामुळे सुरुवातीचं मला ऐकूनच सांगावं लागेल.

लातूर जिल्हा तेव्हा चार वर्षांचा होता आणि माझी धाकटी प्रज्ञा पाच वर्षांची. दोघांनाही सारखं पाणी लागायचं आणि दोघांनाही स्वतःचं स्वतः काही करता येत नव्हतं. नवा जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले, पाट्या रंगवल्या, आणि पाट्यांमागे बसायला माणसं हवीत हे लक्षात आल्यावर आसपासच्या जिल्ह्यांतून कारकून आणले. त्यांत साहेबराव आले. साहेबराव हे माझ्या नवऱ्याचं नाव. पदानं ते कारकून. त्यांना टंचाईच्या टेबलावर बसवलं. त्या टेबलावर बाकी कसली टंचाई नव्हती. अर्ज भरपूर होते.

आम्ही एका डाळमिलच्या मागे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वर पत्रे. आमची एक भिंत मिलला लागून होती. मिल चालू असली की त्या भिंतीला पाठ टेकून बसलं तर पाठीमागे एखादं मोठं मांजर घुरघुरत असल्यासारखं वाटायचं. माझी बी. ए. ची डिग्री फ्रेम करून त्याच भिंतीवर लावली होती. राज्यशास्त्र, सेकंड क्लास, नांदेड. ती दिवसभर बारीक थरथरायची, अजून निकाल लागायचा असल्यासारखी. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली यायच्या आणि त्यांतून तुरीचा पिवळा भुसा तरंगत जायचा, सावकाश, कुठंच पोचायचं नसल्यासारखा.

नळ पाचव्या दिवशी. येण्याची वेळ ठरलेली नव्हती. बहुतेक पहाटे चारला. म्हणून तोटी कायम उघडी ठेवायची आणि खाली पत्र्याची रिकामी बादली. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली की सगळं घर उठायचं आणि पळायचं. दोन ड्रम, हंडे, घागरी, कुकर, पातेली, साहेबरावांचा डबा, मुलींच्या वॉटरबॅगा, सगळं भरायचं. मग पाच दिवस ते पाणी पुरवायचं. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजीचं भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं अंगणातल्या पपईला. पुनर्जन्म न मानणाऱ्या आमच्या घरात पाण्याला तेवढी सवलत होती.

आणि शाळेला सुट्ट्या. थोरली मितू नऊ वर्षांची. दोघींना मिळून दिवसातून चाळीस वेळा भूक लागे, तीस वेळा भांडण होई आणि वीस वेळा "आई, आता काय करू?" असा प्रश्न पडे. त्याचं उत्तर राज्यशास्त्रात नव्हतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पंचफुला त्यांचं नाव, उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत आणि माझ्या प्रत्येक कामाचं धावतं वर्णन करत. "आता ही चुलीकडं गेली. आता हिनं झाकण ठिवलं न्हाई. आता माशी बसंल. बसली."

त्या उन्हाळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. दुपारची झोप. दोन ते साडेतीन, सलग, कुणी हाक न मारता.

ही चैन वाटेल. पण झोपेत मी नांदेडला असायची. वय अठरा. गोदावरीच्या घाटावरची शेवटून तिसरी पायरी, पाय पाण्यात, मांडीवर परीक्षेच्या नोट्स, शेजारी हॉस्टेलची मैत्रीण शिवलेल्या पोलक्याबद्दल बोलतेय. पाणी असं भरून वाहत असायचं की त्याला कुणी हंडासुद्धा लावत नसे. कधी त्या पाण्यावरूनच मालगाडी जायची, आवाज न करता, आणि शेवटच्या डब्यात माझे वडील हिरवं निशाण घेऊन उभे असायचे. ते मुदखेडला रेल्वेत पॉइंट्समन होते, रूळ बदलायचे. ते माझ्याकडे बघून निशाण हलवत, पण हाक मारत नसत. त्या गावात मी कुणाची आई नव्हते, कुणाची सून नव्हते, आणि नळ कधी येतो हे मला माहीत नव्हतं.

असं स्वप्न रोज पडे, पण अर्धंच. मालगाडी कधी पूर्ण पार झाली नाही. कारण दोन वाजता मुरुडकडची एस.टी. आलेली असे, त्यातली माणसं ऑफिसात जाऊन आलेली असत, ऑफिसातले मोठे साहेब दौऱ्यावर असत, आणि मग ती माणसं टंचाईच्या कारकुनाचं घर विचारत आमच्या दारात येत.

त्यातच एका सोमवारी कोंडाबाई आली. खडकवाडीची, पन्नाशीची, घरची बारा एकर जमीन असलेली आणि हंड्यासाठी तीन मैल चालणारी. पुढचा संवाद आत्याबाईंनी मला नंतर इतक्या वेळा सांगितला की आता मला तो मीच ऐकल्यासारखा वाटतो.

"हायती का सायेब?"

"न्हाईत."

"बाई हायती का?"

"हाय, पन निजलीया."

"निजू द्या. मी हितूनच इचारते." आणि कोंडाबाईनं खिडकीच्या गजाला तोंड लावून विचारलं, "बाई वो, खडकवाडीला टँकर कवा?"

त्या क्षणी घाटावर माझी मैत्रीण मला मुदखेडच्या गाड्या विचारत होती. मी तिला सांगितलं, "परवा. सकाळी. दोन आहेत."

हे मी झोपेत, मोठ्यानं, ऑफिसच्या आवाजात बोलले म्हणे. कोंडाबाईनं मान डोलावली. मग म्हणाली, "घोटभर पानी मिळंल का?" आत्याबाईंनी तांब्या भरून दिला आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. तिनं तो तोंडाला लावून गटागट संपवला आणि गेली. रात्रीच्या भाकरी थापताना आत्याबाई मला एवढंच म्हणाल्या, "हिच्या सासूनं माझ्या वंजळीत वरून वतलं असतं. तहान लई शिकीवती गं मानसाला."

बुधवारी सकाळी खडकवाडीत टँकर गेला. दोन खेपा झाल्या.

शुक्रवारी कोंडाबाई पदरात कैऱ्या घेऊन आली. सोबत शेजारच्या गावची चांगुणा, आणि चांगुणाच्या मागे आणखी चौघी. आत्याबाईंनी कैऱ्या परत केल्या. आमच्या घरात काही घ्यायचं नाही हा नियम सासऱ्यांचा. पण खिडकी बंद करायचा नियम कुणी केलेला नव्हता. चांगुणानं विचारलं. मी घाटावरून काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, पण त्यात "उद्या" होतं.

"हिच्या अंगात येतं का वो?" चांगुणानं आत्याबाईंना हळूच विचारलं.

आत्याबाईंना तो प्रश्न लागला. "अंगात माझ्या आजेसासूच्या यायचं," त्या म्हणाल्या. "केस सोडून घुमायची, चार गडी धरायला लागायचे. ही नुसती घोरतीया."

संध्याकाळी साहेबराव घरी आले ते लाल होऊन.

"तू झोपेत काय बोलून राहिलीस लोकांना?"

"मला काय माहीत? मी झोपलेली असते."

"मग बोलू नको."

"अहो, झोपेत कसं ठरवणार?"

"सरकारी माहिती आहे ती, पंचशीला!"

"पण मला कुठं काय माहिती आहे?"

"मलाही नाही," ते खाटेवर बसत म्हणाले. "तीच तर भीती वाटून राहिली."

त्यांची अडचण खरी होती. एकेचाळीस गावांनी टँकर मागितले होते आणि टँकर होते सहा, त्यांतले दोन दुरुस्तीला. आधी कुणाला द्यायचं याचा नियम त्या नव्या ऑफिसात अजून ठरायचा होता. सुरुवातीला गावांच्या नावांप्रमाणे, अआइई लावून दिले. अ ते क पर्यंतची गावं पाणी प्यायली आणि ह वाले मोर्चा घेऊन आले. मग उलटं सुरू केलं, तर मधले त ते प दोन्हीकडून कोरडे राहिले. मग लोकसंख्येवर, मग शिफारशीवर, मग ज्याचा मोर्चा मोठा त्याला. साहेब रोज दौऱ्यावर जात, कारण ऑफिसात थांबणं शक्य नव्हतं.

अशा ऑफिसात किशनराव नावाचे दुसरे कारकून एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सहज बोलून गेले की साहेबरावांच्या मंडळी झोपेत सांगतात तिथं टँकर जातो म्हणे. दोनदा खरं झालंय, आधी खडकवाडीत, मग शनिवारी चांगुणाच्या गावात. साहेब जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"झोपेत?" त्यांनी विचारलं.

"हाव साहेब. दुपारी."

साहेबांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "कुणाच्या शिफारशीनं तर बोलत नाहीत ना?"

"झोपेत कोण शिफारस करणार, साहेब?"

एकेचाळीस गावं, तीन आमदार, सगळे नातेवाईक, आणि त्यात एक माणूस सापडलं होतं जे झोपलेलं असल्यामुळे निःपक्षपाती होतं. मी राज्यशास्त्र शिकले आहे, त्यामुळे मला साहेबांची बाजू कळते.

पुढच्या सोमवारपासून किशनराव पावणेदोनला वही घेऊन आमच्या अंगणात येऊन बसायला लागले, पपईच्या बुडाशी. दौऱ्याच्या रजिस्टरमध्ये त्याला "स्थळपाहणी" असं लिहीत. त्यांची वही मी नंतर बघितली आहे. अक्षर सुंदर. "दु. २.१०, बाई कुशीवर वळल्या. दु. २.२५, हसल्या. कारण समजले नाही. दु. २.४०, 'भिजेल ना सगळं' असे म्हणाल्या. कोणत्या गावाबाबत ते स्पष्ट नाही." यावर ऑफिसात चर्चा झाली आणि दारात त्या वेळी ज्या गावची बाई पुढे बसली होती तिथं टँकर पाठवला. अर्थात तोही चमत्कार झाला. मी म्हणायची ते होत होतं, कारण मी म्हणायची तेच ऑफिसवाले करत होते. ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

साहेबरावांनी विरोध केला. बावीस प्रतिज्ञा काढून किशनरावांना वाचून दाखवल्या. किशनराव म्हणाले, "साहेबराव, यात देव कुठंय? वहिनी तर नुसत्या झोपतात."  साहेबराव दुपारभर ऑफिसात बसून स्वतःच्या बायकोच्या झोपेवर आलेले कागद फाइलला लावायला लागले.

आणि मला झोप लागेना.

अंगणात वीस-पंचवीस बाया बसल्यात, कुणी बोलत नाही, कुणी खोकत नाही, पोरं खाकरली तरी त्यांच्या तोंडावर हात ठेवतात, आणि सगळ्यांचे श्वास तुमच्या डोळे मिटण्याची वाट बघताहेत. तशात झोपून बघा. माझ्या मुलीसुद्धा चिडीचूप. मितू दारात उभी राहून येणाऱ्याला सांगायची, "हळू. आईचा डोळा लागलाय आता." एवढी शांतता त्या घरात कधी झाली नव्हती. मिल थांबली की माझ्या पापण्यांचा आवाज ऐकू येईलसं वाटायचं.

मी डोळे मिटून पडून राहायला लागले. उठले असते तर बाया उत्तराशिवाय परत गेल्या असत्या, आणि खडकवाडीहून यायला एस.टी. चा अडीच तासांचा फेरा होता. म्हणून पडून राहिले. आणि पडल्या पडल्या ऐकायला लागले. दबक्या आवाजात बाया एकमेकींना सांगत होत्या. चांगुणाच्या गावात दोन बाळंतिणी होत्या आणि विहिरीत उतरायला दोर पुरत नव्हता. पलीकडच्या वाडीत मास्तरीणबाईनं शाळेचा हौद उघडून दिला होता, तोही काल आटला. एका गावाला टँकरची काही गरज नव्हती, पण तिथल्या सरपंचाचा भाऊ साहेबांच्या ओळखीचा होता.

मी चांगुणाच्या गावाचं नाव घेतलं. डोळे मिटून, थोडं अडखळत, झोपेत बोलल्यासारखं. बाहेर किशनरावांच्या पेनाचा आवाज आला.

आठ दिवस हे चाललं. आठ दिवस टँकर जिथं जायला पाहिजे तिथं गेले. मोर्चे कमी झाले, साहेब एकदा चक्क ऑफिसात दिसले. पदवीचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला होता, तोही आडवं पडून. पण चहात साखर घातली की मीठ ते मला कळेनासं झालं. एकदा प्रज्ञाची वेणी घालता घालता मितूच्याच केसांना रिबन बांधली आणि दोघींनाही ते शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटलं. डोळे मिटले की आता घाट दिसत नसे, वही दिसे.

आत्याबाईंनी ओळखलं. दुसऱ्या कुणी नाही.

"तू जागीच असतीस," त्या एका सकाळी ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या.

मी भाजी चिरत राहिले.

"निजल्यालीची पापनी पडल्याली असती. तुझी थरथरती. मी आजेसासूला बघितलंय, तिची बी थरथरायची." त्यांनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "चांगलंच हाय. पानी तरी जागच्या जागी जातंय. पन तुझं काय?"

सगळ्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मला रडू आलं असतं, पण तेवढं पाणी वाया घालवायची सवय राहिली नव्हती.

रविवारी सकाळी व्यंकटी आला. व्यंकटी म्हणजे टँकरचा ड्रायव्हर. पावती साहेबरावांना द्यायची होती. साहेबराव एका तांब्यात आंघोळ करत होते, त्याला वेळ लागतो. मी व्यंकटीला चहा दिला. तो उंबऱ्यावर बसला आणि हसायला लागला.

"वहिनी, एक सांगू का? रागवू नका."

"सांग."

"त्या पहिल्या येळंला खडकवाडीला दोन खेपा मीच टाकल्या. हापिसात कुनी सांगितलं नव्हतं. माझी सासरवाडी हाय ती. बायकू आठ दिस तिकडंच व्हती, न्यायला गेलो तं सासू म्हनली, रिकाम्या हातानं आलाव का जावईबापू? मंग काय करनार? टँकर नेला." त्यानं बशीतला चहा फुंकला. "त्येचं तुमच्या नावावर लागलं."

दुसरा चमत्कार, चांगुणाच्या गावाला गेलेलं पाणी, तोही त्याचाच. तिचं गाव त्याच रस्त्यावर होतं. परतताना टाकीत उरलं होतं, म्हणून दिलं.

व्यंकटी गेला. न्हाणीत साहेबराव अजून त्या तांब्याशी झगडत होते. ही गोष्ट त्यांना सांगितली तर ते ती सोमवारी साडेदहाला ऑफिसात सांगणार, टिपण लिहून सांगणार, कारण त्यांच्या दृष्टीनं घराची अब्रू परत येत होती. मग किशनराव पपईखालून उठणार. मग अंगण रिकामं होणार. मग ऑफिस पुन्हा अआइई वर जाणार, आणि चांगुणाच्या गावाचं नाव ह वरून होतं.

मी दोन भाकरी थापून होईपर्यंत विचार केला. खरं सांगायचं तर दुसरी भाकरी तव्यावर टाकली तेव्हाच विचार संपला होता. पुढचा वेळ भाकरीला लागला. साहेबराव केस पुसत बाहेर आले आणि मी त्यांना सांगितलं.

एवढे आनंदी मी त्यांना मितूच्या जन्माच्या वेळी बघितलं होतं. त्यांनी दोन पानी टिपण लिहिलं. "सदर प्रकार निव्वळ योगायोग असून त्यामागे चालकाचे सासर हे कारण असल्याचे चौकशीअंती निष्पन्न झाले आहे." साहेबांनी त्यावर सही केली, खाली "पाहिले" असं लिहिलं आणि दौऱ्यावर गेले. व्यंकटीला ताकीद मिळाली की यापुढे सासरवाडीला जाताना टँकर नेऊ नये.

सोमवारी दुपारी अंगणात एकटी कोंडाबाई आली. मी जागी होते. मला तिच्याकडे बघवेना.

"कोंडाबाई, तुम्हाला कळलं असेल."

"काय?"

"ते स्वप्नाचं काही खरं नव्हतं. व्यंकटीनं स्वतःच टँकर आणला होता."

"मंग?" कोंडाबाई म्हणाली. "व्यंकटी आमच्याच गावचा जावई. त्याच्या बायकूला मी पाळन्यात बघितलीया. आमाला ठावं नसंल व्हय?"

"मग तुम्ही इथं..."

"ऐका तं. टँकर आल्यावर मी हापिसात सहज बोलले, बाई म्हनली आन् टँकर आला. तवा त्या किशनरावाचं त्वांड बघाय पायजे व्हतं! चार म्हैने अर्ज देत व्हते वो मी. कुनी हात लावला न्हाई. तवाच म्हनलं, हितं अर्जापरीस सपान चालतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गावात येक बाई खुळी न्हाई आमच्या. पन हापिसाला खुळं म्हनायचं धाडस कुनाला हाय?"

आत्याबाई उंबऱ्यावरून खो खो हसायला लागल्या. कोंडाबाईही हसली. मी हसले नाही. मी तिला विचारलं, "आता काय करणार तुम्ही?"

"बघू. सपान झालं, आता दुसरं कायतरी." ती उठली. अंगणाबाहेर जाताना वळून म्हणाली, "झोपा आता तुमी. लई सुकलाव. जयभीम."

बुधवारी आत्याबाई मुलींना घेऊन मुरुडला लग्नाला गेल्या. साहेबराव ऑफिसला. जेवणं झाली, भांडी भांड्यांच्या पाण्यात गेली, पपईचं पपईला दिलं. मी दाराला नुसती कडी लावली. अंगणात कुणी नव्हतं. मिल चालू होती. भिंतीतलं मांजर घुरघुरत होतं, डिग्री थरथरत होती, उन्हाच्या काड्यांमधून तुरीचा भुसा उतरत होता. त्यातला एक कण माझ्या मनगटावर येऊन बसला, तो मला दिसला, आणि मग काही दिसलं नाही.

घाट होता. शेवटून तिसरी पायरी, मग दुसरी. गोदावरी त्या दिवशी मी कधी बघितली नव्हती एवढी भरलेली होती. तिचा आवाज होता, आणि आवाजाच्या आत आणखी एक बारीक, पत्र्यावर वाजल्यासारखा आवाज, तो आधी खणखणीत आणि मग हळूहळू जड, गोड, बुडबुड होत गेलेला. मैत्रीण म्हणाली, ऊठ, भिजशील. मी म्हटलं, भिजू दे. पाणी दोन्ही पायऱ्यांवरून वर आलं, माझ्या नोट्स घेऊन गेलं, राज्यशास्त्र सगळं उलगडून पानापानानं पलीकडे निघालं. मालगाडी आली. एकेक डबा पाण्यावरून गेला, एवढा सावकाश की मला सगळे मोजता आले असते, पण मी मोजले नाहीत. शेवटच्या डब्यात वडील होते. त्यांनी निशाण हलवलं. या वेळी गाडी पूर्ण गेली. पाणी तेवढं राहिलं, आणि मी, आणि कुणीच काही मागत नव्हतं.

मी उठले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन तास. सलग. अंगात जड, गार असं काहीतरी भरलं होतं. मी तशीच पडून पत्र्याकडे बघून हसले. मग दार उघडलं.

अंगण ओलं होतं. पपईच्या आळ्यात पाणी तुंबलं होतं आणि त्यात दोन साळुंक्या आंघोळ करत होत्या. नळाखालची बादली काठोकाठ भरलेली होती. तोटी कोरडी. शेजारची शिवकांता तिच्या दारात ओला पदर पिळत उभी होती आणि तिच्या पायरीवर तिचे सगळे ड्रम, हंडे, घागरी, दोन परातीसुद्धा भरून ठेवलेल्या होत्या.

"उठलाव का वहिनी?" ती प्रेमानं म्हणाली. "मी हाक मारनारच व्हते. दोनदा खिडकीपर्यंत आले. तुमी झोपेत हसून राहिल्या. म्हनलं, बाईला कायतरी दिसून राहिलं असंल, कशाला उठवा?"

नळ सव्वादोनला आला होता आणि तीनला गेला होता. पुढचा पाचव्या दिवशी होता.